खाटेवरची सुकेळी

जयवंती चुरींच्या पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा ऊन अजून गच्चीवर पसरलेलं आहे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्या पाट टाकून बसल्या आहेत. हातात कावळे हाकायची काठी आहे, आणि समोर नवारीच्या खाटेवर, मच्छरदाणीखाली, सोललेली राजेळी केळी ओळीने सुकत आहेत. ऊन उतरायच्या आत ती एकदा उलटायची आहेत, हे त्यांच्या लक्षात आहे. उठते आता, असं त्या स्वतःला म्हणतात. जरा डोळे मिटते, मग उठते. खाली कुणीतरी नळाखाली भांडी घासतं आहे, आणि तो आवाज लांब लांब, मऊ मऊ होत जातो.

ह्या केळ्यांपायी जयवंतींनी सगळ्या घराशी पैज मारल्यासारखं करून ठेवलं होतं. चुरींच्या घरात सुकेळी म्हणजे ताराताई. तारामती, जयवंतींच्या थोरल्या जाऊबाई. थंडी पडली की त्या वाडीत बांबूचा मांडव घालायच्या, राजेळीची लोंगरं, अख्खे घडच, पिकवायच्या, केळी सोलून मांडवावर उन्हात टाकायच्या. संध्याकाळी झाकायची, सकाळी उघडायची, असं करता करता ती आक्रसून मधाच्या रंगाची झाली, की केळीच्या वाळक्या सोपटात बांधून पुडकी घरोघर रवाना व्हायची. कुणी बाळंत झालं, कुणाची तापाने तोंडाची चव गेली, की ताराताईंचं पुडकं पोहोचलंच म्हणून समजा. पण त्या मांडवाजवळ कुणाला फिरकू देत नसत. जयवंती टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला, सकाळी गेल्या की दिवेलागणीला परत. ‘तिला कुठे वेळ आहे,’ असं आधी म्हटलं गेलं. मग ‘तिला कुठे जमणार आहे,’ असं. पुढे पुढे ते जयवंतींनाही खरं वाटायला लागलं. एकदा मात्र त्यांनी धीर करून विचारलं होतं, “ताई, सुकेळं तयार झालं हे कळतं कसं?”

“कळतं,” ताराताई म्हणाल्या होत्या. संपलं.

ताराताई गेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले, तेव्हा त्यांची मुलगी स्मिता हात धुता धुता म्हणाली, “आईबरोबर आपल्या घरातली सुकेळीही गेली.” आणि जयवंतींच्या तोंडून निघून गेलं, “गेली कशी? थंडीत करते की मी.”

त्यांचे यजमान मधुकरराव सुपारी कातरत होते, ते थांबले. “तू?”

हसले सगळे. वाईट मनाने नव्हे, पण हसले.

पहिलं लोंगर वाया गेलं. मध्येच आभाळ भरून आलं, केळ्यांना आंबूस वास सुटला आणि वर पांढरी बुरशी धरली. ती सगळी शेजारच्या म्हशीपुढे गेली. “विकत मिळतात गं, आणू की,” मधुकरराव म्हणाले. पण एव्हाना गोष्ट हौसेची राहिली नव्हती. स्मिताच्या मुलीला, ऋजुताला, दिवस गेले होते. अन्नावरची वासना उडालेली, पाणीसुद्धा पोटात ठरेना, आणि डोहाळे लागले ते सुकेळ्यांचे. विकतची आणलेली तिने नुसती हुंगली आणि बाजूला सारली. “आजीसारखी हवीत,” म्हणाली, आणि रडायला लागली.

म्हणून जयवंतींनी दुसरं लोंगर आणलं. वाडीच्या जागी आता इमारत उभी होती, मांडव घालायला जागा नव्हती. त्यांनी माळ्यावरची खाट खाली काढली, नवार सोडून उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात कडक वाळवली, पुन्हा विणली. वर मच्छरदाणी टाकून तिच्या कडा विटांनी दाबल्या. ह्या खेपेला आभाळाने साथ दिली. केळ्यांना रंग चढला, अंगावर पाकासारखे थेंब फुटले. आज संध्याकाळी स्मिता न्यायला येणार. प्रश्न एकच उरला होता, आणि तोच त्यांना खात होता. झाली आहेत की नाहीत? घाईने बांधली तर पुडक्यात घाम सुटून कुजणार. फार ठेवली तर चामडं होणार. विचारायचं कुणाला?

“ती काठी आधी खाली ठेव. कावळा येईल तेव्हा येईल, तू मलाच हाणशील.”

ताराताई टाकीच्या पलीकडून येत आहेत. अंगावर घरातलं जांभळं लुगडं, पदर खोचलेला, पावलं ओली. गच्चीच्या तापलेल्या लादीवर त्यांच्या पावलांचे ठसे उठतात आणि लगेच वाळून जातात. जयवंतींना नवल वाटत नाही. त्या पाटावर थोड्या सरकतात, जागा करून देतात.

“ताई, बसा.”

“बसायला नाही आले. हे काय मांडून ठेवलं आहेस गो जयू? मांडव कुठे आहे?”

“मांडवाला वाडी कुठे राहिली? खाट आहे.”

“आणि वर मच्छरदाणी! केळ्यांना काय मलेरिया होतो?”

“एक माशी बसलेली नाही, ताई. एक कावळा शिवलेला नाही. तुमच्या मांडवातली निम्मी कावळेच खायचे.”

आपण हे बोललो ह्याचं जयवंतींना थोडं आश्चर्य वाटतं. पण मागे घ्यावंसं वाटत नाही. ताराताई ओठ मुडपतात, मच्छरदाणीची कड उचलतात आणि आत वाकतात.

आत वाडी आहे. केळीची पानं डोक्यावर हलत आहेत, विहिरीवरचा पंप थांबून थांबून पाणी टाकतो आहे, आणि मच्छरदाणीच्या भोकांतून गाळून आलेलं ऊन सगळ्यावर बारीक रव्यासारखं पडलं आहे. दोघी पाटाच्या पाण्यातून चालतात. पाणी कोमट आहे, गोड वासाचं आहे. ताराताई पुढे, जयवंती मागे, लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा वाडी बघायला गेल्या होत्या तशा.

“तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत,” जयवंती त्यांच्या पाठीकडे बघून म्हणतात.

“तू कधी थांबलीस?”

“कचेरी होती.”

“मग चल कचेरीत.”

केळींच्या रांगेच्या टोकाला टेलिफोनची कचेरी आहे. छप्पर नाही, वर उघडं ऊन. जयवंतींची खुर्ची, समोर तारा खुपसायच्या भोकांची उंच पाटी, आणि टेबलांच्या मधोमध ती नवारीची खाट. साहेबांच्या खुर्चीत ताराताई जाऊन बसल्या आहेत, पाय वर घेऊन, सुपाने वारा घेत. पाटीवर एक दिवा लागतो. जयवंती कानाला यंत्र लावतात, तार खुपसतात.

“जयवंती, झाली का गं?” नणंदेचा आवाज.

दुसरा दिवा. “वहिनी, आमच्याकडे अजून पुडकं आलं नाही.” हे नाशिकचे दीर.

तिसरा, चौथा, मग सगळी पाटीच पेटते. ज्यांची नावं आठवत नाहीत ते बोलत आहेत, जे कधीच गेले तेही बोलत आहेत. मामंजी खोकून विचारतात. स्मिताचा आवाज लहान मुलीचा झाला आहे. आणि सगळ्यांच्या वर सासूबाईंचा, जसा असायचा तसा, चिरका आणि घाईचा: “काय चाललं आहे तिथे? झाली का? झाली का?”

जयवंती वळून बघतात. “ताई, काय सांगू?”

ताराताई सूप हलवत राहतात.

“ताई, सगळे थांबलेत!”

“मला काय विचारतेस? मी लावलीत का ती?”

तेव्हा जयवंती उठतात. कानाची तार मागे सापासारखी लांबत जाते. खाटेपाशी जाऊन त्या मच्छरदाणीत हात घालतात, मधल्या ओळीतलं एक केळं अंगठा आणि बोटाच्या मधे धरतात. वरचा पापुद्रा ताणलेला, चिकट, उन्हाने ऊन झालेला. त्या हळूच दाबतात. वरून कडक, पण मधे कुठेतरी ते अजून गार आहे. अजून मऊ, अजून केळंच आहे. दुसरं दाबतात. तेही तसंच. कडेचं दाबतात, तेही.

त्या परत येऊन बसतात आणि सगळ्या तारा एकदम जोडतात.

“नाही झाली,” त्या म्हणतात. आवाज कचेरीभर घुमतो. “पोटात ओल आहे. एकदा उलटायला हवीत, अजून थोडं ऊन द्यायला हवं. मग देते.”

“अगं, पण मी किती वेळ वाट बघू?” सासूबाई.

जन्मात जयवंतींनी ह्या बाईला उलटून उत्तर दिलेलं नाही. “थांबा, आई,” त्या म्हणतात. “घाई केली तर कुजतील. मी सांगते तेव्हाच मिळतील.”

पाटीवरचे सगळे दिवे विझतात. कुणी रागावलेलं नाही. पंगतीत पानं वाढायच्या आधी लोक जसे गप्प बसून असतात, तसं तारेच्या त्या टोकाला सगळं घर बसून आहे, हे त्यांना ऐकू येतं.

ताराताई हसायला लागतात. सूप खाली टाकून, पोट धरून हसतात. “आलं! आलं गो तुला!”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? माझ्याही सासूने नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर तू माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस, केळ्याकडे बघितलंच नसतंस.” त्या उठतात, पदर पुन्हा खोचतात. “चल, ऊन चाललं. त्या बाजूने तू, ह्या बाजूने मी.”

दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसतात. आता कचेरी नाही, वाडी नाही, फक्त खाट आहे आणि तिच्याभोवती पिवळा उजेड. एकेक केळं नवारीवरून सोडवायचं, उलटं करायचं, शेजारच्याला चिकटू न देता ठेवायचं. ताराताईंचे हात भरभर चालतात. जयवंतींचेही चालतात, आणि कुणाचे कुठले हे मधूनच कळेनासं होतं.

“हे बघ,” ताराताई एक केळं उजेडात धरतात. “नवारीचे वळ उठलेत. चटईसारखी नक्षी आली आहे खालून. माझ्या सुकेळ्यांना असलं काही नसायचं.”

“उठू देत. माझी म्हणून ओळखता येतील.”

ताराताई त्यांच्याकडे नीट बघतात. मग पुढचं केळं उचलतात.

ऊन त्यांच्या खांद्यावरून पाठीवर येतं, पाठीवरून उतरतं. शेवटची ओळ संपते. जयवंती एक केळं दाबून बघतात. मधे काही गार लागत नाही. सगळीकडे सारखं, घट्ट, जरासं लवणारं. त्या कुणाला विचारत नाहीत.

“झाली,” त्या म्हणतात.

ताराताई हात पुढे करतात. जयवंती त्या हातावर एक ठेवतात. ताराताई चावतात, डोळे मिटून चघळतात, खूप वेळ चघळतात. मग दुसरं मागतात. तेही संपवून बोटं चाटतात.

“माझ्यापेक्षा काकणभर सरस,” त्या म्हणतात. “पण आपल्या दोघींत राहू दे हे. गावभर करशील!”

“करणारच,” जयवंती म्हणतात, आणि दोघी मुलींसारख्या खिदळतात. हसता हसता जयवंतींना ताराताईंचा हात धरायचा असतो. त्या धरतात. हात चिकट आहे, उन्हाने ऊन आहे, आणि तो त्यांचा खांदा हलवतो आहे.

“काकू! अगं काकू, किती वेळ हाका मारते आहे!”

स्मिता वाकून उभी आहे. ऊन टाकीच्या माथ्यावर गेलं आहे, गच्ची सावलीत आली आहे. जयवंती धडपडत उठतात. पाय मुंग्यांनी भरले आहेत. केळी उलटायची राहिली, हे पहिल्यांदा मनात येतं. पण त्या मच्छरदाणीच्या एका कोपऱ्यावरची वीट बाजूला सारतात, हात आत घालतात, हाताला लागेल ते केळं दाबून बघतात. घट्ट. जरासं लवणारं. सगळीकडे सारखं.

“झालीत,” त्या म्हणतात, आणि ते केळं स्मिताच्या हातात देतात. “खाऊन बघ. आणि खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.”

स्मिता चावते. चघळते. जिन्यातून धापा टाकत मधुकररावही वर आले आहेत, ते तिच्या तोंडाकडे बघत उभे आहेत. स्मिता गिळते, पदराने डोळे पुसते, आणि उरलेला तुकडा त्यांच्या हातावर ठेवते.

“काका, तुम्ही हसला होतात ना? खा.”

मधुकरराव खातात. चष्मा काढतात, उगाच पुसतात. “अजून एक दे,” एवढंच म्हणतात.

“आता नाही. आधी ऋजुताची बांधायची,” जयवंती म्हणतात. “मग नणंदेची, मग नाशिकची. उरली तर तुम्हाला.”

स्मिता फोन कानाला लावते. “ऋजू, ऐक, काहीही खाऊ नकोस, मी घेऊन येते आहे. अगं, आजीसारखी कसली, ही काकूआजीच्या हातची आहेत. तू बघच.” आणि सोपटं आणायला ती धावत जिना उतरते. मधुकररावही तिच्या मागे जातात, परडी आणायला, न सांगता.

गच्चीवर जयवंती एकट्या उरतात. त्या बाकीच्या विटा काढतात. कडा जशा दाबल्या होत्या तशाच आहेत, कुठेही सुटलेल्या नाहीत. त्या मच्छरदाणी उचलून खांद्यावर टाकतात आणि खाटेवर वाकतात.

ओळीच्या ओळी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकूण एक केळं उलटलेलं आहे. प्रत्येकाच्या पाठीवर नवारीची नक्षी वर आली आहे, ठसठशीत, विणून काढल्यासारखी.