बोटीच्या तळाचा बोल्ट

दादाने लष्करातून निवृत्त झाल्यावर एक छोटी फायबरची बोट घेतली होती. पाटणच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी आमचं घर. बोट हौसेची. रविवारी मासे धरायचे, पाहुणे आले की त्यांना फिरवून आणायचं, एवढंच तिचं काम. मी कराडला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करतो आणि सुट्टीला गावी जातो. त्या बोटीकडे मी कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. यंदा द्यावं लागलं.

दादाची फुप्फुसं निकामी होत चालली होती. त्याला सतत ऑक्सिजन लागायचा. आमची थोरली बहीण, आक्का, पाण्याच्या पलीकडच्या गावात असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे. तिला एकदा भेटायचं, एवढंच दादाच्या मनात होतं. रस्त्याने जाऊन पाहिलं होतं. घाटातल्या वळणांवर उलट्या होऊन त्याचा श्वास कोंडला आणि अर्ध्या वाटेवरून परत यावं लागलं. बोटीने मात्र पाऊण तास.

बॅगेत मावणारं ऑक्सिजनचं मशीन आमच्याकडे होतं, पण त्याची स्वतःची बॅटरी जेमतेम एक तास टिकायची. जाणं, येणं आणि आक्कापाशी बसणं धरून तीन तास हवे होते. म्हणजे मशीन बोटीच्या बॅटरीवर चालायला हवं होतं. बोटीतल्या सॉकेटला लावलं की ते मिनिटभर चालायचं, मग टीं टीं करून बंद पडायचं.

पाटणच्या ट्रॅक्टरच्या वायरमनने बॅटरी मेली म्हणून सांगितलं. नवी बसवली. पुढच्या रविवारी मीटर लावला तर तीही साडेअकरा व्होल्टवर आलेली. भरलेली बॅटरी पावणेतेराच्या आसपास असावी लागते. मी ती घरी नेऊन रात्रभर चार्ज केली आणि सकाळी परत जोडली.

दादा काठावर खुर्ची टाकून बसला होता. घरातल्या मोठ्या मशीनची लांब नळी अंगणातून त्याच्या नाकापर्यंत आणलेली.

"काय रं वजनकाट्यावाल्या, किती भरलं?"

"बॅटरीवर साडेबारा हाय. मशीन लावलं की सॉकेटवर पावणेअकरा."

"मग मधलं कुठं सांडतंय?"

प्रश्न बरोबर होता. मी सॉकेटची काळी वायर हाताने चाचपत गेलो. ती सरळ बॅटरीकडे जायला हवी होती. ती गेली बसायच्या फळीखाली, बोटीच्या तळाला असलेल्या एका लोखंडी बोल्टाकडे. बॅटरीची काळी वायरही तिथेच आलेली. दोन्हींच्या मधे नुसता गंज. बोल्टाभोवती बोटभर पाणी साचलं होतं आणि शेजारचा छोटा पंप आपोआप सुरू होऊन ते बाहेर टाकत होता. थांबायचा, पाणी चढलं की पुन्हा सुरू व्हायचा. आठवडाभर तो हेच करत असणार.

"दादा, ह्यो बोल्ट कुणी मारला?"

"मीच की. खालनं तांब्याची पट्टी लावलीया. घराला आपण खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, वर पाणी वततो ना? हितं सगळं पाणीच. यापेक्षा चांगलं अर्थिंग कुठं गावणार गड्या?"

मला गोलगोल बोलता येत नाही. मी त्याला सांगितलं, की बोटीला असलं अर्थिंग लागत नाही. पाण्यात तांब्याला टेकून राहिल्याने लोखंड कुजलं. बोल्ट कुजला म्हणून पाणी आत येतंय, पाणी येतंय म्हणून पंप चालतोय आणि पंप बॅटरी संपवतोय. उरलेलं व्होल्टेज गंजातून जाताना पडतंय.



"म्हंजे माजी वाट मीच आडवली."

"तसं न्हाई दादा."

"तसंच हाय. आता काय करायचं त्ये सांग."

बोट काठावर ओढली. बोल्ट काढला, पट्टी काढली. कराडहून फायबरचं काम करणारा आणून भोक बुजवलं आणि वाळू दिलं. प्रत्येक काळी वायर थेट बॅटरीला नेली. मग बोट पाण्यात सोडून काठालाच बांधली आणि मशीन तीन तास चालवून बघितलं. सॉकेटवर शेवटपर्यंत बारा होते. पंप एकदाही बोलला नाही. पलीकडे रेंज नसते, म्हणून तिकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर आक्काला रविवारचा निरोप पाठवला.

शुक्रवारी दादाला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटरवरून चारवर नेला. बॅगेतलं मशीन दोनच्या वर देत नाही.

"दोनावर जाऊ की. तीन तासाचा तर प्रश्न," दादा घरी आल्यावर म्हणाला.

मी दोनवर लावून त्याला खोलीतून अंगणाच्या दारापर्यंत चालवलं. दाराशी बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या मीटरने एकोणऐंशी दाखवलं. नव्वदच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं सांगितलेलं. दादाने आकडा स्वतः वाचला आणि चपला काढल्या.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "ती वाट बघत आसंल."

रविवारी मी एकटाच गेलो. बोटीत कुठे काही बिघडलं नाही. पलीकडे आक्काला तिच्या मुलांनी खुर्चीत बसवून पाण्यापर्यंत उचलून आणलं होतं. डोक्यावर पदर धरून ती माझ्या मागे बघत होती, बोटीतल्या रिकाम्या फळीकडे.

"एकटाच आलास व्हय? आन् त्यो?"

"त्याला आता चार लिटर लागतोय आक्का. बोटीतलं मशीन दोनच देतंय."

"चार म्हंजे किती रं?"

वजनकाट्यावर मला रोज कुणी ना कुणी किती विचारतं आणि मी आकडा सांगतो.

"लय," मी म्हणालो.