नेट आलं की पाठव

"सर, चावी कंटेनरमधी गेली." जेवणाच्या सुट्टीनंतर सरितानं येऊन सांगितलं.

आमचं ऑफिस लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. सात माणसं. पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणाऱ्या फायली एकत्र बांधलेलं गाठोडं म्हणजे कंटेनर. अशी गाठोडी चालवणारे बरेचसे कॉम्प्युटर मिळून क्लस्टर. गाठोडं आधी इंटरनेटवरच्या गोदामात चढवायचं, क्लस्टर तिथून उचलतो. आमचं गोदाम सामायिक; बाहेरच्या दोन कंपन्यांची माणसंही तिथलं उघडू शकतात. आणि चावी म्हणजे पासवर्डची फाइल. तिनं पेशंटचे रिपोर्ट उघडतात. कोणाला काय आजार, सगळं.

आमच्याकडे नेटचा काही भरवसा नाही. म्हणून मीच एक स्क्रिप्ट लिहिली होती: नेट आलं की फोल्डरमध्ये जे असेल ते बांधायचं आणि आपोआप चढवायचं. सगळे खूश. सरितानं नेट नसताना टेस्टिंगसाठी चावी त्या फोल्डरमध्ये ठेवली आणि जेवायला गेली. तेवढ्यात मेलं नेट आलं.

"मी लगेच डिलीट केलं न सर."

तेवढ्यानं भागत नाही. कोणी आधीच उतरवून घेतलं असेल तर? कुलूपच बदलावं लागतं.

आमचे मालक प्रमोदभाऊ तापले. "मीटिंगमधी दोनदा सांगतलं होतं, चावी सांभाळा म्हणून! उद्यापासून येऊ नको म्हणा तिले."

सरिता समोरच उभी. तीन वर्षं बाभुळगावहून रोज एसटीनं येणारी पोरगी. खरं सांगतो, मी आधी स्क्रीनमध्ये डोकं घातलं. मग माझीच मला लाज वाटली.

"भाऊ, न पाहता उचलणारी स्क्रिप्ट माही आहे. काढाचं तर मले काढा."

"मले शिकवू नको. आधी निस्तर, मग पाहू."

लॅबच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. "मॅडम, वीस मिनिटं रिपोर्ट बंद राहतील."

"आत्ता? बाहेर पेशंट बसून आहेत!"

"आमच्या हातून चावी बाहेर गेली. बदलून राह्यलो."

"करा. पण लवकर."

चावी बदलली. गोदामाची नोंद तपासली. आमच्या क्लस्टरशिवाय कोणी ते गाठोडं उचललं नव्हतं. देव पावला बाप्पा!

नंतरचे दोन दिवस सरिता आणि मी गोदामाच्या वाटेवर फाटक बांधत होतो. बहुतेक काम तिचंच. यादीत नाव असेल तीच फाइल गाठोड्यात जाणार. चढण्याआधी प्रोग्राम प्रत्येक फाइल वाचणार, पासवर्डसारखं काही दिसलं की थांबवणार आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर लाल ओळ दाखवणार. चढवणाऱ्याच्या नावासकट. सरिता नोकरीवर राहणार की नाही, हे भाऊंनी अजून सांगितलं नव्हतं.

शनिवारी भाऊ कानाला फोन लावून स्वतःच एक दुरुस्ती चढवत होते. लाल ओळ आली. खाली नाव: प्रमोद.

सरिता उठून त्यांच्या टेबलाशी गेली. "भाऊ, तुमची चावी चालली होती. थांबवली."

भाऊंनी फोन ठेवला. "अन् फाटक नसतं तर?"

"तर मॅडमले फोन तुम्हाले करा लागला असता."

मला हसू आवरेना. भाऊ हसले नाहीत. स्क्रीनकडे पाहतच तिला म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये."

सावध राहा, असं सांगून कोणी सावध होत नाही. सांगणारा तर मुळीच नाही.