सुनेचं पहिलं ‘नको’

सन दोन हजार अठरा. मला सदुसष्टावं चालू होतं. तेव्हाची ही गोष्ट, आणि आजवर मी ती कुणाला सांगितलेली नाही — महेशच्या आईला नाही, महेशला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच असेल.

माझं शिक्षण चौथी. पण अंगठा मी कधी लावला नाही, हे आधी लिहून ठेवतो. चिंचवडला एका कारखान्यात एकोणतीस वर्षं प्रेसवर उभा राहिलो, आणि सहीच्या जागी पूर्ण नाव लिहीत गेलो, वडिलांच्या नावासकट. एकदा नवा सुपरवायझर चारचौघांत मला अंगठाछाप म्हणाला. मी मशीन बंद केलं आणि हात बांधून उभा राहिलो. तो शब्द त्यानं मागं घेईपर्यंत मशीनला हात लावला नाही. ऐट म्हणून सांगत नाही. पुढं लागणार आहे, म्हणून सांगतो.

महेश एकुलता एक. डिप्लोमा झाला, चाकणच्या कंपनीत लागला. कंपनीनं दोन वर्षांसाठी फिलिपिन्सला पाठवला. इकडं चऱ्होलीत मी वरचा मजला चढवला — त्याच्यासाठी. खिडक्या त्याच्या पसंतीच्या, फरशी त्याच्या पसंतीची. रोज संध्याकाळी भिंतींवर पाणी मारायला मी स्वतः जिना चढायचो.

आणि एके दिवशी दाढीला बसलो होतो. तोंडाला साबण. आमच्या भावकीतला दत्तू शेजारच्या खुर्चीवरून मोबाइल पुढं करून म्हणाला, “अण्णा, सूनबाई तर झ्याक हाय. पेढं कवा?”

फोटोत महेश होता. शेजारी पांढऱ्या झग्यातली मुलगी. लग्न होऊन आठ दिवस झाले होते.

केसानं गळा कापणं म्हणतात ना — मी तो शब्द आयुष्यभर वापरला, कळला त्या खुर्चीवर. न्हाव्याच्या दुकानातली सहा माणसं माझ्या आधी माझ्या घरातली गोष्ट जाणून होती. मला माहीत होतं, असं दाखवत मी हसलो. साबणाखाली काय दिसणार कुणाला? नंतर कळलं, त्याच्या आईला त्यानं फोनवर सांगितलं होतं. “तुम्ही चिडाल म्हणून” ती गप्प राहिली. म्हणजे दोघांनी मिळून.

तीन महिन्यांनी महेशचा फोन आला. कंपनी त्याला परत चाकणला घ्यायला तयार होती. पण मुलीनं — मरिसेल तिचं नाव — अट घातली होती, की आधी येऊन घर बघते, माणसं बघते. जमेल असं वाटलं, तर कायमची येते. पंधरा दिवसांसाठी दोघं येणार होती. कळतंय ना तुम्हाला? वरचा मजला भरणार की नाही, ते त्या पंधरा दिवसांवर होतं.

ते यायच्या आधी कंपनीतला एक मित्र सुटीवर आला, त्याच्या हाती महेशनं दोन कागद पाठवले. रेघांचे, मोठ्या अक्षरात, माझ्यासाठी मुद्दाम. तिच्याकडच्या रीतीभाती होत्या त्यात. आई वाचू शकत नाही, तेव्हा अण्णा, तुम्ही वाचा आणि तिला सांगा — असं वरच लिहिलेलं.

मी ते तीनदा वाचले. बोट ठेवून, एकेक अक्षर. आता इथं थांबावंसं वाटतंय. पण ऐका.

त्यात होतं — ती तुमचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावील, तो त्यांचा वडीलधाऱ्यांना नमस्कार, हात सैल सोडा. होतं — कुणापुढं खायला बसली, तर आधी त्याला विचारील, विचारल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत ते. भेट आणील ती तिच्यासमोर उघडू नका, ती गेल्यावर उघडा. चारचौघांत तिला लाजवू नका. लाज वाटली, वाईट वाटलं, की ती माणसं हसतात, अण्णा, त्या हसण्याला फसू नका. आणि सगळ्यात खाली — जेवायला म्हटलं की पहिल्यांदा नको म्हणेल. भूक असली तरी म्हणेल. दुसऱ्यांदा म्हणा, तिसऱ्यांदा म्हणा. आपल्यासारखंच आहे.

आपल्यासारखंच आहे. ही ओळ त्यानं जरा ठळक केली होती.

महेशच्या आईनं विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, काही नाही, विमानाच्या वेळा. कागद घडी करून माझ्या कोनाड्यात ठेवले, चष्म्याच्या डबीखाली.

आली. बारीक चणीची, सावळी, आमच्याच एखाद्या पोरीसारखी. गाडीतून उतरली ती सरळ माझ्याकडं आली, वाकली आणि माझ्या हाताकडं हात केला. मला ठाऊक होतं ती काय करणार. मी दोन्ही हात पाठीमागं नेले. ती तशीच वाकलेली राहिली क्षणभर, रिकामा हात पुढं. शेजारपाजार बघत होता. महेश घाईनं म्हणाला, “अण्णा, तसं नमस्कार करतात त्यांच्यात.” मी म्हटलं, “आसंल.” ती हसली.

महेश सकाळीच चाकणला कंपनीत जायचा, अंधार पडताना यायचा. रात्री तो तिला फिरवायला, बाहेर जेवायला न्यायचा. दुपार माझी होती.

पहिल्या दुपारी महेशच्या आईनं पुरण घातलं. पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली. पोरीला खुणेनं बोलावलं. पोरीनं हात हलवला, मान हलवली, नको. महेशच्या आईचा हात आपोआप तिच्या दंडाकडं गेला, ओढून बसवायला — तुमच्या घरातली बाई नसती बसवली? मी सोप्यातून म्हटलं, “राहू दे. न्हाई म्हणती तर. त्यांच्यात आग्रह केलेला अपमान समजत्यात. महेशनं फोनवर सांगितलंय.”

हात मागं आला. ताट झाकलं गेलं.

एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी नाही. एक वाक्य. दुसऱ्या दुपारीही तेच. तिनं एकदा नको म्हटलं आणि घरात कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अख्ख्या जन्मात माझ्या उंबऱ्यावरून माणूस उपाशी गेला नव्हता. बोहारीण आली तरी आम्ही चहाला दोनदा म्हणतो.

तिसऱ्या दुपारी ती ओसरीच्या पायरीवर बसली होती. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. मी समोर बाजेवर. तिनं पुडा फोडला, आणि तोंडात घालायच्या आधी उठली, दोन पावलं आली आणि पुडा माझ्यापुढं धरला. भुवया वर केल्या — घ्या ना, अशा. पोटात काल रात्रीनंतर काय होतं तिच्या? तरी आधी मला. मी तोंड भिंतीकडं वळवलं. परत वळलो, तेव्हा पुडा तिनं बंद करून ठेवला होता. एकही खाल्लं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, इथं तरी माझं मन वळलं असेल. नाही वळलं. मला तो फोटो दिसत होता, तो पांढरा झगा आणि न्हाव्याच्या आरशातलं माझं साबणानं माखलेलं तोंड.

चौथा दिवस रविवार. भावकी सून बघायला आली. दत्तूही होता. चहा झाला. मरिसेलनं आल्या दिवशी मला एक पुडकं दिलं होतं, फीत बांधलेलं, ते मी तसंच ठेवलं होतं. ते आणलं. तिच्यासमोर बसलो आणि सगळ्यांदेखत फीत ओढली. महेश म्हणाला, “अण्णा, नंतर उघडा की.” मी ऐकलं नाही.

आत सदरा होता. अननसाच्या पानांच्या धाग्याचं कापड, तिकडं लग्नाकार्यात घालतात. छातीवर वेलबुट्टी — तिच्या आईनं हातानं काढलेली, माझं माप महेशकडून फोनवर विचारून. हे महेशनंच सांगितलं, सगळ्यांना, कौतुकानं. कापड इतकं पातळ की पलीकडचं दिसावं. मी तो सदरा दोन बोटांत धरून उंच केला. मग तोच कपाच्या तोंडावर धरला, गाळणीसारखा, आणि दुसऱ्या हातानं किटली ओतायचं सोंग केलं.

“पावण्यांनू, घ्या. चहा गाळायला बरं हाय.”

दत्तू खदखदला. सगळे हसले. ते सोंग कळायला भाषा कशाला लागते? मरिसेलपण हसली. सगळे थांबले तरी ती हसतच होती, ओठ थरथरत होते आणि दात दिसत होते. बायका म्हणाल्या, हसरी हाय पोर. त्या बाराजणांत ते हसू काय आहे, हे दोघांनाच ठाऊक होतं. महेशला आणि मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. अकरा दिवस बाकी होते. बॅगा ठेवताना महेश मला बाजूला घेऊन म्हणाला, “मी लिहून दिलं होतं ना, अण्णा? का वाचताच आलं नाही तुम्हाला?”

मी काय म्हणालो सांगू?

“माझं शिक्षान किती, तुला ठाव न्हाई व्हय? आमी अंगठाछाप.”

तो शब्द. माझ्या तोंडानं, माझ्यासाठी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा मऊ पडला. म्हणाला, माझंच चुकलं, समोर बसून सांगायला हवं होतं. मरिसेल परत वाकली. या वेळी मी हात दिला. तिचं कपाळ गार होतं. ते गेले, तिकडचेच झाले. आता सहा वर्षांची नात आहे. फोनवर दिसते. आईनं शिकवलंय तिला — फोन लागला की आधी काचेला कपाळ टेकवते. महेशची आई दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवते, बाप-लेकीला पुरेल एवढाच. सुनेच्या वाट्याचं घालत नाही. का घालत नाही, तेच सांगायचं उरलंय.

ते गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी महेशची आई कोनाडा झाडत होती. कागद तिच्या हाताला लागले. महेशचं अक्षर ती ओळखते, वाचता येत नसलं तरी. मी चुलीपुढं शेकत होतो, तिथं येऊन बसली, कागद माझ्या मांडीवर ठेवले. रात्रभर रडून डोळे सुजलेले होते.

“ह्यातलं समदं वाचा. माझं काय चुकलं, त्ये मला कळू द्या.”

मी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आणि वाचलं, “आई-अण्णा, त्यांच्यात परक्या घरचं अन्न खात नाहीत. सासरचंही नाही. वाईट वाटून घेऊ नका.”

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, पुन्हा एकदा वाचा.

मी बोट परत वर नेलं, आणि पुन्हा तसंच वाचलं.