बिनहाराचा फोटो

मी एका मेलेल्या आजीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आहेत, आणि त्याही नातेवाइकांसकट.

गंगापूर रोडला आमच्या वरच्या खोलीत मेई नावाची चिनी मुलगी भाड्याने राहायची. इथल्या कॉलेजात शिकायला आलेली. मोडक्यातोडक्या मराठीत आम्हाला काका-काकू म्हणायची आणि ठसका लागला तरी ठेचा सोडायची नाही. मी तेव्हा नुकताच इंटरनेट शिकलो होतो (म्हणजे कळवणच्या मेहुण्याने खातं उघडून दिलं होतं आणि ते बंद कसं करायचं हे मला ठाऊक नव्हतं). मेई माझी तिथली पहिली मैत्रीण.

एके सकाळी पाहतो तर तिच्या पानावर तिच्या फोटोच्या जागी एक म्हातारी! काळा-पांढरा फोटो, प्रसन्न चेहरा, खाली चार चिनी अक्षरं. आमच्याकडे फोटोला हार नाही म्हणजे माणूस ठणठणीत. आजीचा वाढदिवस असणार, मी ठरवून टाकलं. 'आजी, शंभर वर्षं जगा' असं इंग्रजीत ठोकून दिलं. तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! मेहुण्याला फोन केला, त्याने सगळं सासर कामाला लावलं. दुपारपर्यंत मेईच्या पानावर केक, फुगे आणि एक नाचणारं अस्वल येऊन पोचलं.

संध्याकाळी ही शिरा घेऊन वर गेली (शिऱ्याची कल्पनाही माझीच). बराच वेळ खाली येईना म्हणून मी गेलो, तर मेई हिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. आजी आदल्या दिवशी गेली होती. मेईला लहानाचं मोठं केलं ते त्या आजीनेच, आणि परीक्षा टाकून येऊ नकोस असं घरच्यांनी बजावलं होतं.

"अगं, आम्हाला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं ना, काका. घरी सगळ्यांनी आपापल्या पानावर असाच फोटो लावला. रंग काढला की लोकांना कळतं. इथे मला बोलता येईना, म्हणून मी पण लावला."

मला फार वाईट वाटलं. परक्या गावात पोरीने आपल्या रीतीने दुःख सांगितलं होतं आणि आम्ही त्यावर अस्वल नाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आणला, पाटावर ठेवला, झेंडूचा हार घातला. मेईने वाकून नमस्कार केला, त्याचा फोटो काढून घरी पाठवला. थोड्या वेळाने तिकडून उत्तर आलं, ते वाचून ती रडता रडता हसायला लागली.

"मामा विचारतो, आजीला एवढा हार कशाबद्दल? काय जिंकली?"

"सांग त्यांना," मी म्हणालो, "ते काही ठाऊक नाही, पण अभिनंदन मी कालच करून टाकलंय."