मागण्याआधी हजर

हॉटेलात त्याला सगळे कॅप्टन म्हणत. जहाज राहू द्या, त्याने आयुष्यात साधी होडी चालवली नव्हती. चार वेटर आणि डझनभर टेबलं, एवढंच त्याचं राज्य. पण त्या राज्यात गिऱ्हाइकाला तोंड उघडावं लागणं हा गुन्हा होता. कुणी ग्लासाकडे नुसतं पाहिलं की पाणी हजर, मान अर्धी वळली की मीठ हजर, दोन बोटं हवेत खरडली की बिल हजर. "मागितल्यावर काय, कुणीही देतं," असं तो नव्या वेटरांना ऐकवायचा आणि वर स्वतःच मान डोलवायचा.

अशा माणसाच्या घरी मुलगी जन्माला आली. दाखल्यावर तिचं काहीतरी छानसं नाव होतं, पण घरात ती राणीसरकार. सेवेचं तर विचारूच नका. भूक लागायच्या आत दूध, ओठ मुडपायच्या आत खुळखुळा. चेंडू सोफ्याखाली जातोय न जातोय तोच कॅप्टन जमिनीवर आडवा. रडणं नावाचा काही प्रकार असतो, हे त्या मुलीला शेजारच्या घरातून ऐकूनच कळलं असावं.

आई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या शहराशी बोलायची. "तीनची गाडी किती वाजता सुटते हो?" असल्या प्रश्नांनाही न चिडता उत्तर द्यायची. घरी येईपर्यंत तिचा घसा पार बसलेला असे. ती आली की कॅप्टन दारातच मुलगी तिच्या कडेवर द्यायचा आणि कामावर पळायचा. पोटावर हात म्हणजे जेवलीय, गालाखाली तळवा म्हणजे झोप झालीय, नाक चिमटीत धरलं म्हणजे लंगोट आता तू बघ. नातेवाईक या जोडप्याचं फार कौतुक करत, की इतकी वर्षं झाली, पण एक भांडण नाही. भांडायला बोलावं लागतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

राणीसरकार दोन वर्षांच्या झाल्या. जिना चढू लागल्या, ठोकळ्यांचा मनोरा रचू लागल्या. एक भुवई उचलून दूध मागवायच्या आणि पोट भरलं की दोन बोटं हवेत खरडायच्या. बोलायच्या मात्र नाहीत. आई नाही, बाबा नाही, चकार शब्द नाही.

शेजारच्या काकूंना हे बरं सापडलं. त्यांच्या नातवाला पंधरा प्राण्यांची नावं पाठ होती. त्या पोराला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, पण गेंडा येत होता. "ऐकू येतं ना हिला?" काकू एकदा म्हणाल्या. "नाही, आपलं सहज विचारलं." आणि सोबत प्राण्यांच्या चित्रांचं एक पुस्तक हातात ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी आईने खिडकीतून दोन गाड्यांच्या वेळा चुकीच्या सांगितल्या. तिला भीती वाटत होती. जगाशी बोलून बोलून आपला घसा बसतो, आणि पोटची पोर मुकी निघाली तर? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?

शेवटी दोघं तिला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी कान तपासले, ठोकळे दिले, खेळवून पाहिलं. मधेच राणीसरकारांनी टेबलावरच्या लाकडी बदकाकडे पाहिलं. कॅप्टनने उठून ते तिच्या हातात दिलं. बाईंना शिंक येणार असं दिसलं, तर त्याने रुमालही पुढे केला.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी हिच्याशी बोलतं कोण?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. अर्थात डोळ्यांनीच विचारलं, तू बोलतेस ना? तू बोलतोस ना?

"आलं लक्षात," बाई म्हणाल्या. "कान ठीक आहेत, समज ठीक आहे. पण तुमच्या घरात बोलायची गरजच पडत नसणार. वस्तू दाखवा, तिचं नाव घ्या आणि थांबा. तिला मागू द्या. महिनाभर करा, नाहीच काही झालं तर पुढच्या तपासण्या करू."

"थांबायचं म्हणजे द्यायचं नाही?" कॅप्टनचा चेहरा पडला.

"द्यायचं हो. पण जरा उशिरा."

उशिरा! त्याला जणू कुणी चोरी करायला सांगितली होती.

बोलणं एक वेळ जमलं. "दूध आहे. गरम आहे, कोमट आहे. कपात आणू की वाटीत? सोबत बिस्किट घेणार?" राणीसरकार कंटाळून ऐकायच्या. पण थांबणं? भुवई वर गेली की कॅप्टन पंख्याकडे बघायचा. ती आणखी वर गेली की त्याला घाम फुटायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जाते थोडीच! दूध आपोआप तिच्या हातात जाऊन पोचायचं.

एकदा बायकोने दारातूनच ते पाहिलं.

"दिलंस?"

"मागितलं तिने."

"काय म्हणाली?"

कॅप्टनने भुवई उचलून दाखवली. मग मात्र ती कडाडली. "राणी करून ठेवलीयस तिला! उद्या शाळेत, बाजारात तिच्या मागे ट्रे घेऊन कोण फिरणार? तू?"

"आणि तू? तुझा आवाज ऐकायचा तर मला तुझ्या खिडकीसमोर रांगेत उभं राहावं लागेल!"

दोघांचंही खरं होतं. असली भांडणं मिटत नाहीत. राणीसरकार मात्र डोळे विस्फारून एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. घरात एवढी करमणूक त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

त्यानंतर घरात एकच धोशा सुरू झाला. बोल गं, बोल ना, बोल. काकूसुद्धा गॅलरीतून "बोल" म्हणून जायच्या. महिना संपत आला.

एका दुपारी कॅप्टन कामावर जायचे कपडे चढवून मुलीला सूप भरवत होता. तिने दोन बोटं हवेत खरडली, म्हणजे पोट भरलं. न देणं तर त्याला साधत नव्हतंच. पण जास्त देणं? ते हातचं होतं. त्याने न समजल्यासारखं करून आणखी एक चमचा पुढे केला. तिने पुन्हा बोटं खरडली. "घ्या ना, थोडंच आहे," म्हणत त्याने आणखी एक चमचा पुढे केला.

"नको!"

चमचा हवेतच राहिला. ज्या घरात सगळं मागायच्या आत येतं, तिथे मागण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हे येणं थांबवा. कॅप्टनला ते लागलं, चांगलंच लागलं. आणि तो इतका हरखला, की सूप स्वतःच्याच शर्टावर सांडलं.

बायको आली तेव्हा तो ओरडलाच, "बोलली!" तिचा विश्वास बसेना. तिने चमचा पुढे केला. "नको." बाहुली? "नको." मोजा? "नको." काकूंचं पुस्तक? गेंड्यासकट "नको." आई हसत होती, रडतही होती.

"मग काय हवंय तुला, बाळा?"

हे त्या मुलीला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वेळच आली नव्हती. तिने बराच विचार केला. मग ती आईच्या मांडीवर चढली आणि तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

"बोल."

ज्यांनी विचारलं त्यांना आई सकाळपासून उत्तरं देऊन आली होती. पण स्वतःहून काय बोलायचं? मग बसलेल्या आवाजात तिने सुरुवात केली. "आज की नाही, खिडकीत एक आजोबा आले होते. लेकीच्या गावाला जायचं होतं त्यांना, आणि गावाचं नावच आठवेना. मग काय झालं माहितेय..."

मुलगी तिच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. कॅप्टन दारात बूट घालून उभा होता. बायको असं काही सांगते, हे त्यालाही नवीनच होतं. हॉटेलात संध्याकाळची गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती, टेबलं भरू लागली असणार. तो बूट काढून खाली बसला. मागू देत की एक दिवस गिऱ्हाइकांनाही तोंडाने.