रांगेत पाठमोरा उभा राहणारा

१९९५च्या सुमारास कळंबच्या रेशन दुकानासमोरील रांगेत तो नेहमी शेवटी उभा राही. तेही दुकानाकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. मागून कुणी आले की त्याला आपल्या पुढे जाऊ देई. "मामा, साखर हिकडं मिळतीया, रस्त्यावर न्हाय!" असे बायका चिडवीत. तो हसत नसे.

काळ्या बाजाराच्या टेम्पोसाठी हा पहारा करतो, याविषयी माझ्या मनात शंका उरली नव्हती. तहसीलदारांकडे तसा तक्रारअर्जही मी धाडला होता. एका संध्याकाळी धान्य संपत आले, तरी तो मागेच. मी संतापून जाब विचारला, "कुणाची वाट बघता आहात?"

"तात्या, मी फौजेत व्हतो. आफ्रिकेत शांतिसेनेत धाडलं व्हतं. तितं लढाईनं शेतं वसाड पडल्याली. आमी धान्य वाटाय लागलो की बंदूकवालं मागनं यायचं. समद्यांची तोंडं पोत्याकडं असायची."

"हा इंदापूर तालुका आहे. इथे कोण येणार?"

"तितंबी आदी कोण येत नव्हतं."

पुराव्यावाचून मी काही मानत नाही. हेही मानले नाही. परंतु शेवटचे पोते उघडले होते, आणि कायद्याने त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे होता.

"जा पुढे. रस्ता मी बघतो," मी म्हणालो.

मी खरोखरच रस्त्याकडे वळलो, हे पाहिल्यावरच तो पिशवी घेऊन पुढे गेला. बारामतीच्या कारखान्यांतील कामगार मोटारसायकलींवरून घरी परतत होते. मी प्रत्येकाचे हात पाहत होतो.