पॉझिटिव्ह येऊ दे

मिरजेच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेली ती बाई अंगठ्यानं बाकाची कड सारखी दाबत होती. नवऱ्याच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ होती, तिच्या पुढच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता.

"यमाईआई, पॉझिटिव्ह येऊ दे," ती पुटपुटली.

मला वाटलं, घाबरून चुकली. म्हटलं, "मावशी, निगेटिव्ह म्हणा."

"न्हाई बाबा. पेशीवरचं वाढीचं बटन मोटारीच्या स्टार्टरवाणी चालूवरच अडकलं असंल, तर ते बंद करायची गोळी हाय. निगेटिव्ह आलं, तर ती गोळी आपल्यासाठी न्हाई, म्हनले डाक्टर."

अंगठा पुन्हा दाबू लागला.

माझ्या वडिलांचा तोच रिपोर्ट सकाळी निगेटिव्ह आला होता. डॉक्टरांना भेटायच्या आधीच मी कोरेगावला घरी फोन करून ते कळवलं होतं. एव्हाना आईनं देवापुढं साखर ठेवली असणार.